कुंभ राशीतले सात ग्रह

‘ग्रह’ हा शब्द आपल्या वस्त्यांत अजूनही भीतीनंच उच्चारला जातो. १९५६ साली आपल्या वाडवडिलांनी देव्हारे रिकामे केले, पण काही घरांतल्या पत्र्याच्या पेटीत पत्रिका मात्र तशीच राहिली.

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त आहेत. मी लग्न होऊन शिरूरला आले. गेल्या वर्षी दौंडला भावाच्या मुलीसाठी स्थळ आलं. मुलगा नोकरीचा, आपल्यातलाच. सगळं जुळत आलं आणि मुलाच्या चुलत्यांनी हळूच जन्मवेळ विचारली. रास निघाली कुंभ. “कुंभेला साडेसाती चालू आहे, पुढं बघू,” असं म्हणून ते उठले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. भाची बी.एस्सी.ला आहे. ती शांतपणे म्हणाली, “काका, कुंभेच्या दिशेला आणखी सात ग्रह सापडलेत. त्यांची दशा कोण बघणार?”

पाहुणे गेल्यावर तिनं आम्हाला सगळं समजावून सांगितलं. आपल्यापासून चाळीस प्रकाशवर्षं लांब ट्रॅपिस्ट-१ नावाचा एक तांबूस तारा आहे. आकारानं आपल्या गुरू ग्रहाहून थोडाच मोठा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बेल्जियमचे मिशेल गिलॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिली देशातल्या एका लहान दुर्बिणीतून त्याच्यावर पाळत ठेवली. २०१६ साली तिथले पहिले ग्रह जाहीर झाले. त्या कामात लडाखमधल्या हान्ले इथली आपली हिमालयन चंद्र दुर्बीणही होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये ग्रहांचा आकडा सातवर गेला.

गंमत म्हणजे हे ग्रह कुणाला थेट दिसलेच नाहीत. ८ जून २००४ रोजी शुक्र सूर्यासमोरून गेला, तेव्हा सूर्यावर काळा ठिपका सरकताना आपल्याकडे अनेकांनी पाहिला होता. इथंही तसंच. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित घटतो, शंभरात एका भागाहूनही कमी. ठरावीक काळानं तो पुन्हा पुन्हा तेवढाच घटला, की तिथं ग्रह आहे हे कळतं. सर्वांत जवळचा ग्रह दीड दिवसात फेरी मारतो, सर्वांत लांबचा सुमारे एकोणीस दिवसांत.

पण हे सातही जण एकमेकांना ओढतात. त्यामुळं एखादा काही मिनिटं लवकर येतो, एखादा उशिरा. त्या फरकावरून शास्त्रज्ञांनी त्यांचं वस्तुमान काढलं. हे ऐकून वडील म्हणाले, “म्हणजे गाडीला उशीर का झाला, ते बघून मालाचं वजन काढलं म्हणायचं!” जन्मभर दौंड जंक्शनच्या गाड्या पाहिलेल्या माणसाला ते लगेच पटलं.

सातांपैकी तीन ग्रहांवर, हवा असेल तर, पाणी टिकू शकेल. सर्वांत जवळच्या ग्रहावर मात्र हवा जवळजवळ नाहीच, असं २०२३ साली वेब दुर्बिणीनं दाखवलं. बाकीच्यांचा शोध चालू आहे. त्या ताऱ्याचा आज रात्री इथं पोचणारा उजेड चाळीस वर्षांपूर्वी तिथून निघाला. तेव्हा आमच्या भाचीचा जन्मही झाला नव्हता. तिच्या लग्नाचं त्याला काय ठाऊक?

ते स्थळ काही जमलं नाही. वहिनींना अजून वाईट वाटतं, मलाही वाटतं, कारण मुलगा खरोखर चांगला होता. पण चूक मुलीच्या राशीची नव्हती, हे आता आमच्या घरात सगळ्यांना कळलं आहे. भावानं पेटीतली पत्रिका स्वतः काढून चुलीत घातली आणि भाचीच्या एम.एस्सी.च्या फीसाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली.

आया-बहिणींनो, तुमच्या लेकीची कुणी जन्मवेळ विचारली, तर तिचं शिक्षण सांगा. आणि जमेल तेव्हा मुलांना घेऊन गच्चीवर जा. ऑक्टोबरच्या रात्री कुंभ रास दक्षिणेकडं छान वर आलेली असते. भिण्यासारखं तिथं काही नाही, शिकण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.