एकटीने पाहिलेले अमृतसर

"एकटीच जाणार?" आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पैशांची जमवाजमव होत होती, पण परक्या गावात एकटीने जेवायला बसायचे, या विचारानेच मन कचरत होते.

मुंबईहून गोल्डन टेंपल मेलच्या स्लीपर डब्यातून अमृतसरला पोहोचले. सुवर्णमंदिराला चार दिशांना चार दारे आहेत. डोके झाकून, पाय धुऊन कोणीही आत जावे. लंगर अहोरात्र चालतो, तोही विनामूल्य. पंगतीत मी रोटीसाठी एकच हात पुढे केला, तेव्हा शेजारच्या वृद्ध बाईंनी खुणेने सांगितले, दोन्ही हात धर. जेवणानंतर त्यांच्याबरोबरच भांडी घासली. एकटी का आलीस, असे कोणी विचारलेच नाही.

जवळच जालियनवाला बाग आहे. १३ एप्रिल १९१९ च्या गोळ्यांच्या खुणा तिथल्या भिंतीवर आजही दिसतात. त्यांच्यासमोर मात्र एकटीनेच उभे राहावेसे वाटले.

मंदिराच्या सराईत अल्प खर्चात राहता येते, पण गर्दीच्या दिवसांत जागा मिळेलच असे नाही. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या रखडतात, म्हणून फेब्रुवारी-मार्च बरा.

रात्री आईने फोनवर विचारले, "जेवलीस का गं?"

"हो, पंगतीत," मी म्हटले.