पुन्हा ऐकलेला तास

आमच्या देगलूरकडून मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ, त्यामुळे शाळेतून बाहेर पडलेली पोरे तिकडेच वळतात. मराठी माध्यमातून गेलेला असाच एक विद्यार्थी परवा भेटायला आला. वर्गातले इंग्रजी व्याख्यान डोक्यावरून जाते, मग खोलीवर येऊन तेच ध्वनिमुद्रण तो दोन-तीनदा थांबवत ऐकतो. म्हणाला, “सर, वर्गात पुन्हा विचारायची लाज वाटते. मोबाईल हसत नाही.”

दूरस्थ शिक्षण हैदराबादला नवे नाही. देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली तिथेच निघाले. १९९१ पासून त्याला डॉ. आंबेडकरांचे नाव आहे. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे धडे दूरदर्शनवर सुरू झाले, तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या गल्लीत एकच टीव्ही. वीज गेली की धडाही गेला (आणि ती जायचीच!). सुटलेले वाक्य मागे फिरवून ऐकण्याची सोय नव्हती. या मुलाला ती आहे. पण त्याच्या महाविद्यालयात ही मुद्रणे सात दिवसांनी बंद होतात. कायम ठेवली तर पोरे वर्गात येणार नाहीत, ही भीती.

ती मला समजते. रोज हजेरीपट पाहणारा माणूस मी. पण हा मुलगा एकही तास बुडवत नाही, आणि कुलूप नेमके त्यालाच बाधते. परीक्षा तीन महिन्यांनी. व्याख्यान आठवड्यात नाहीसे. म्हणून दर शनिवारी रात्री जागून तो सगळे वहीत उतरवून घेतो. त्याने चार वह्या दाखवल्या. इंग्रजी शब्दांखाली पेन्सिलीने मराठी अर्थ होते.