यंत्राचा नकार

अलोरे हें गांव चिपळूण तालुक्यांत, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडे वसलेलें आहे. कोयना जलविद्युत् प्रकल्पामुळें त्याचें नांव दूरवर गेलें. घाटमाथ्यावरील कोयनेचें पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून जवळच पोफळी येथें डोंगराच्या पोटांत वीज निर्माण करितात. एवढ्या मोठ्या यंत्रांच्या शेजारीं राहणाऱ्या शिक्षकास यंत्रांची भाषा थोडी तरी कळावी, अशी अपेक्षा कोणीहि करील. मला ती कळत नव्हती, हें कबूल करण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

माझ्या मोटारींत क्रूझ कंट्रोल नांवाची एक सोय आहे. मोकळ्या रस्त्यावर इच्छित वेग गांठून कळ दाबली, म्हणजे पाय उचलला तरी मोटार तोच वेग राखते. चढावर वेग मंदावूं लागला कीं यंत्र एंजिनाचा जोर वाढवितें. वेग वाढूं लागला कीं जोर कमी करितें. आणि ब्रेक दाबतांच सर्व सत्ता चालकाच्या स्वाधीन करून बाजूस होतें. मूळ कल्पना जुनीच आहे. जेम्स वॉटनें १७८८ मध्यें आपल्या वाफेच्या एंजिनास फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला होता. जलविद्युत् केंद्रांतील टर्बाइनांसहि पाणी कमीअधिक सोडून गति स्थिर राखणारा गव्हर्नर असतो. मोटारीसाठीं ही युक्ति सिद्ध करणारा अमेरिकन अभियंता राल्फ टीटर बालपणींच अंध झाला होता. त्याला १९५० सालीं पेटंट मिळालें आणि १९५८ मध्यें क्रायस्लर कंपनीनें ती सोय आपल्या मोटारींत आणिली. ज्याला रस्ता दिसत नव्हता, त्यानें डोळसांच्या वेगास शिस्त लाविली!

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस चार विद्यार्थ्यांना वक्तृत्वस्पर्धेसाठीं मी साताऱ्यास घेऊन गेलों होतों. परतीच्या वाटेवर, कराडच्या अलीकडे, मीं ती कळ दाबली. परंतु यंत्र कांहीं केल्या वेग धरीना. तीनचार वेळां प्रयत्न करून मीं नाद सोडिला. "पायाला काम मिळालें, एवढेंच," असें म्हणून मी हंसलों. पाटण, हेळवाक मागें पडलें आणि सायंकाळीं आम्ही घाटांत शिरलों. धुकें दाट होतें. एका वळणावर मीं ब्रेक दाबला, तोंच मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा इतक्या जवळ वाजला कीं मुलांचें बोलणें एकदम थांबलें. मीं मनांतल्या मनांत त्या ट्रकचालकास बेजबाबदार ठरविलें, घरीं पोहोंचल्यावर देवाचे आभार मानिले, आणि स्वस्थ झोपीं गेलों.

पुढें एका कारखान्यांत मोटार दाखविली, तेव्हां स्टिअरिंगवरील कळांचा सगळा संच बदलावा लागेल, असें सांगण्यांत आलें. खर्च ऐकून मी परत आलों. अखेर माझा एक जुना विद्यार्थी, जो आतां मिस्त्रीकाम करितो, घरीं आला. नववींत मीं त्याला विज्ञानांत नापास केलें होतें; "निरीक्षणशक्ति नाहीं," असा शेराहि दिला होता.

त्यानें कांहींहि बदलण्याची घाई केली नाहीं. प्रथम फ्यूज पाहिले; मग कळा तपासल्या; मग क्लचखालचा स्विच. ते सर्व ठीक होते. तेव्हां डॅशबोर्डखालच्या सॉकेटास त्यानें स्कॅनर जोडिला. पडद्यावर पी ०५०४ हा अंक उमटला. तो मोटारीच्या मागें जाऊन उभा राहिला व म्हणाला, "सर, जरा ब्रेक दाबा बघूं." मीं दाबला. क्षणभर तो गप्पच होता. मग म्हणाला, "सर, मागचे दिवे लागत नाहींत. एकहि नाहीं."

ब्रेकच्या पायपट्टीमागें अंगठ्याएवढा एक स्विच असतो. त्यांत दोन जोडण्या असतात: एक मागचे तांबडे दिवे लाविते, दुसरी मोटारींतील संगणकास "ब्रेक दाबला" अशी वर्दी देते. आमच्या स्विचांतील पहिली जोडणी गंजून निकामी झाली होती. दोन साक्षी जुळेनात, म्हणून संगणकानें वेग धरण्याचें साफ नाकारिलें. म्हणजे त्या धुक्यांत, चार मुलें मागें बसलेलीं असतां, मी थांबत आहें हें मागच्या ट्रकला कळण्याचा कांहीं मार्गच नव्हता. बेजबाबदार कोण होता, हें मला त्या क्षणीं उमगलें.

नवा स्विच अगदीं थोडक्या पैशांत मिळाला. त्यानें तो बसविला, पायपट्टीशीं असलेलें अंतर जुळविलें, दिवे पाहिले, जुना अंक पुसला आणि मोटार चिपळूणजवळच्या मोकळ्या महामार्गावर नेली. यंत्रानें वेग धरिला. मी आनंदलों, पण तो म्हणाला, "आतां ब्रेकवर पाय ठेवा, सर. सुटतंय हें बघितल्याशिवाय काम पुरं नाहीं होत." ब्रेकला पाय लागतांच यंत्रानें वेग सोडिला. त्या शेऱ्याबद्दल मीं त्याची क्षमा मागितली. तो फक्त लाजून हंसला.

विद्यार्थीमित्रहो, थांबण्याची खात्री नसतां धांवण्यास नकार देणारें तें यंत्र माझ्याहून शहाणें ठरलें. संत पौलानें आत्म्याच्या फळांची यादी दिली आहे, तींत अगदीं शेवटीं इंद्रियदमन येतें. बाकीचीं फळें त्याच्या भरंवशावर टिकत असावींत, असें आतां मला वाटतें. घाटांत किंवा ओल्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल वापरूं नये, हें तर खरेंच. परंतु प्रवासास निघण्यापूर्वीं कोणास तरी मागें उभें करून दिवे पाहावे, आणि कोणी नसल्यास मोटार भिंतीकडे पाठ करून उभी करावी, म्हणजे भिंतीवर तांबडा उजेड दिसतो.

त्या चारहि मुलांच्या घरीं जाऊन मीं ही सर्व हकीकत सांगितली. कोणीं मला दोष दिला नाहीं. एका माउलीनें मात्र कांहीं न बोलतां आपल्या मुलास जवळ ओढून घेतलें.