घरचा नवा कारभारी

गेल्या पावसाळ्यात आमच्या मातोश्री रात्री अंधारात उंबरठ्याला अडखळून पडल्या. दिव्याचे बटण त्यांच्या हाती लागले नाही. कलाशाखेचे पदवीधर असूनही आम्ही धीर केला आणि तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक आणला. त्यावर होम असिस्टंट ही प्रणाली चढविली, झिग्बी लहरींवर बोलणारी कांडी यूएसबी खाचेत बसविली आणि चाहूल टिपणारा संवेदक मातोश्रींच्या खाटेशी लावला.

परंतु दिवा लागेना! तीन रात्री आम्ही चिऱ्याच्या भिंतींना दोष दिला. चूक आमचीच होती. यूएसबी ३ च्या खाचेतून उठणारा विद्युत्-गोंगाट झिग्बीच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींवरच पडतो. खाचेला चिकटलेल्या कांडीला दूरची क्षीण हाक ऐकूच येत नव्हती. मीटरभर तार जोडून तिला बाजूस नेताच दिवा उजळला. “दिवो पेटलो मरे!” मातोश्री उद्गारल्या.

विद्यार्थिमित्रहो, एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या रात्री मातोश्रींनी आम्हांस हाक मारली होती. आम्ही शेजारच्याच खोलीत होतो. पण मोबाइलवरील गाणी आमच्या कानांत घुमत होती.