नाव शहराचे, कारभार खेड्यांचा

लंडनच्या युस्टन स्टेशनातून गाडीत बसले की साधारण अर्ध्या तासात हेमेल हेम्पस्टेड येते. आम्ही उभयता तिथे उतरलो ते जवळच्या ग्रेट गॅडेस्डेन खेड्यातील अमरावती विहार पाहण्यासाठी. आमच्यापैकी एकीचे माहेर बडनेऱ्याचे, तेव्हा पाटीवरचे नाव वाचून काय वाटले ते वाचकांनीच ओळखावे!

वंदना आटोपून आम्ही टेकडीवरून गेड नदीकाठच्या गावात उतरलो. हे खेडे पूर्वी हेमेल हेम्पस्टेड रूरल डिस्ट्रिक्टमध्ये होते. डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे. आपल्या पंचायत समितीसारखे काहीतरी. गंमत अशी की नाव शहराचे, पण शहर त्यात नव्हतेच. त्याची नगरपालिका वेगळी होती.

खेड्याच्या पंचायतीला अधिकार द्या म्हटले की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो, तिथे बसणार कोण? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले, ते उगाच नव्हे. इंग्लंडच्या खेड्यांवरही जमीनदार आणि पाद्री यांचेच राज्य होते. १८९४ च्या कायद्याने रूरल डिस्ट्रिक्ट आले आणि सभासद होण्यासाठी मालमत्तेची अट राहिली नाही. विवाहित स्त्रीसुद्धा निवडून येऊ शकत होती. पार्लमेंटसाठी मत द्यायला तिला १९१८ उजाडावे लागले! गोरगरिबांना मदत द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या मंडळावरही १९३० पर्यंत हेच सभासद बसत. म्हणजे खुर्ची लहान, पण भाकरीशी संबंध असलेली. अर्थात दिवसाढवळ्या भरणाऱ्या सभेला मजुरी बुडवून शेतमजूर कसा जाणार? बहुतेक खुर्च्यांवर शेतमालकच दिसत. कायद्याने दार उघडले, तरी आत जायला पोटात अन्न लागते.

१ एप्रिल १९७४ रोजी हे डिस्ट्रिक्ट मोडले. हेमेल हेम्पस्टेड, बर्कमस्टेड आणि ट्रिंग ही शहरे व भोवतीची खेडी मिळून डॅकोरम हा नवा विभाग झाला. हे नाव जुन्याच एका महालाचे, डेन लोकांवरून पडलेले. १९४७ नंतर सरकारने वाढवलेल्या हेमेल हेम्पस्टेडपुढे खेड्यांची मते थोडीच भरणार. कारभार स्वस्त झाला असेल, पण दाद मागायचे ठिकाण लांब गेले, असे आम्हांला वाटते.

गावची पॅरिश कौन्सिल, म्हणजे ग्रामपंचायत, तेवढी राहिली आहे. रस्त्याकडेच्या फलकावर तिच्या पुढच्या सभेची सूचना लावलेली होती. आम्ही ती वाचत उभे होतो, तेवढ्यात बस आली.