शुद्धीची मर्यादा

कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांविषयी परवा वाचीत होतो. १९९१ साली सुमिओ इजिमा यांनी त्यांकडे जगाचे लक्ष वेधले. पुष्कळदा त्या लोहकणांच्या आधाराने वाढतात आणि पुढे तेच कण त्यांना बिलगून राहतात. चुंबकीय गुण मोजू गेले, तर नळीचा क्षीण स्वभाव लोहाच्या प्रबळ प्रतिसादात बुडून जातो. म्हणून त्या नायट्रिक आम्लात शुद्ध करतात. तरीही कार्बनच्या कवचात दडलेले काही कण उरतातच. आणि आम्लाचा मारा वाढविला, तर नळीची भिंतच पोखरली जाते.

येथे मी थबकलो. दिल्लीत वाढणाऱ्या माझ्या मुलाच्या मराठीतील हिंदी शब्द मी वर्षभर खोडीत आलो आहे. हल्ली तो माझ्याशी फारसे बोलत नाही.

काल त्याला जवळ घेऊन म्हटले, “जसे येईल तसे सांग.”

“बाबा, आज मी बारिशमध्ये भिगलो!”

मी काहीही खोडले नाही.