पुन्हा बालवर्गात

मंडळी, या वीकेंडला जरा वेगळा विषय. कोड, डेडलाईन, अप्रेझल यातलं काही नाही.

म्हणजे सुरुवात तिथूनच आहे म्हणा. आमच्या धंद्यात पाच-सहा वर्षं झाली की माणूस 'सीनियर' होतो, आणि मग एक वाक्य त्याच्या तोंडून निघेनासं होतं: "मला हे येत नाही, जरा शिकव ना." मीटिंगमध्ये कोणी नवीन काही काढलं की सगळे गंभीर चेहऱ्याने माना हलवतात आणि जागेवर जाऊन गुपचूप शोधतात. पदवी, पद, पगार... जितकं जमत जातं, तितकं विद्यार्थी होणं महाग पडत जातं. अठ्ठाविसाव्या वर्षी ही तऱ्हा, तर साठीत काय होईल?

हा किडा डोक्यात असतानाच आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी 'सुबोध बायबल' वाचायला दिलं. काका मूळचे वसईकडचे कॅथलिक, तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले. पुस्तक लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेही तिकडचेच, नंदाखालचे. २०२० साली उस्मानाबादच्या (आता धाराशिव) साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, २०२४ मध्ये गेले. बोईसर ते अंधेरी लोकलमध्ये वेळच वेळ असतो, त्यामुळे जाडजूड पुस्तकाची भीती वाटत नाही.

त्यात मत्तयच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग आहे. शिष्य विचारतात की स्वर्गाच्या राज्यात सगळ्यात मोठा कोण. येशू एका लहान मुलाला बोलावून मधोमध उभं करतो आणि सांगतो की असं झाल्याशिवाय आत प्रवेश नाही. इथे बहुतेक लोक 'मूल म्हणजे निष्पाप' असं म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. लहान मुलं निष्पाप असतात हे ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांनीच म्हणावं! माझ्या मते मुद्दा प्रतिष्ठेचा आहे. त्या काळच्या समाजात मुलाला काही किंमत नव्हती. त्याला सांभाळायला इभ्रतच नाही, म्हणून त्याला मागता येतं, विचारता येतं, पडून परत उठता येतं.

ठीक आहे, पण मोठ्या माणसाने हे करायचं कसं? योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा धर्मशास्त्राचा जाणकार रात्री येऊन नेमकं हेच विचारतो, की म्हातारा माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा जाणार. अगदी इंजिनिअरचा प्रश्न. मला तो गृहस्थ फार आवडला.

याचं उत्तर मला सापडलं ते मात्र आपल्या पंडिता रमाबाईंमध्ये.

शाळेच्या पुस्तकातून आपल्याला त्यांचं नाव, शारदा सदन आणि एक फोटो एवढंच माहीत असतं. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सगळ्यांचा विरोध पत्करून घरातल्या बायकांना संस्कृत शिकवलं. दुष्काळात आई-वडील गेले. मग भावाबरोबर पायी भारतभर भटकंती, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वय वीस! यापुढे जन्मभर फक्त शिकवलं असतं तरी चाललं असतं.

१८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत गेल्या, आणि तिथे या सरस्वतीने काय केलं? फ्रोबेलच्या बालवाडी पद्धतीचं शिक्षण घेतलं. अक्षरशः बालवर्ग. तेव्हा त्या माझ्याच वयाच्या होत्या. हे वाचलं आणि मीटिंगमधल्या आमच्या माना आठवल्या.

पण इथे एक गफलत होऊ शकते. नम्र म्हणजे आज्ञाधारक नव्हे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये छापला गेलाय, मिळाला तर जरूर वाचा. त्रैक्याच्या सिद्धांतावर बाई वाद घालतात, मांसाहार करत नाहीत, आणि क्रूसावर लॅटिनच का, आपलं संस्कृत का नको, असं विचारतात. सिस्टरना हा गर्व वाटला. मला तर हेच लहान मुलासारखं वाटतं. "का?" हा प्रश्न मूल जितक्या वेळा विचारतं तितका दुसरं कोण विचारतं?

आणि १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय पण ख्रिस्त नाही मिळाला. जगभर नाव झालेलं असताना, इतक्या वर्षांनी, असं छापून सांगायचं! नोकरीत आठ वर्षं काढलेला कोणी "मला विषय माहीत होता, पण कळला नव्हता" असं म्हणाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

याची किंमतही मोजावी लागली. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकरांची अडचण मला समजते, संस्था तटस्थ राहील या भरवशावर ते उभे होते. बाईंनी मात्र स्वतःच्या प्रार्थनेचं दार बंद करायला नकार दिला. पुढे केडगावचं मुक्ती मिशन, १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या विधवा आणि मुली, हे सगळं वेगळ्या लेखाचं प्रकरण आहे.

मला मोठं वाटतं ते त्यानंतरचं. पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. मूळ बायबलवरून मराठी भाषांतर करायचं होतं, तेही खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला समजेल अशा मराठीत. म्हणजे जिच्या तोंडी हजारो संस्कृत श्लोक, तिने एकीकडे नवी बाराखडी गिरवायची आणि दुसरीकडे स्वतःची भारदस्त भाषा उतरवून ठेवायची. दुसरं काम जास्त अवघड असणार. ते भाषांतर फार शब्दशः झालं, फारसं चाललं नाही, हेही खरं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. काम चालूच. १९२२ मध्ये बाई गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बायबल केडगावच्याच छापखान्यातून बाहेर आलं, आश्रमातल्या बायकांनीच खिळे जुळवून छापलेलं.

हे सगळं काकांना सांगत होतो. काका सध्या चर्चच्या गायकवृंदासाठी कीबोर्ड शिकतायत, दहावीतल्या एका मुलीकडे. तिला "टीचर" म्हणतात, चेष्टेने नाही. बोटं वळत नाहीत, ती ओरडते, हे परत पहिल्यापासून. मी विचारलं, "काका, ऑकवर्ड नाही वाटत?" तर म्हणाले, "पहिले दोन महिने वाटलं. कंपनीत साठ माणसं हाताखाली होती रे. मग टीचरने चुकलं म्हणून सांगितलं आणि ते खरंच चुकलं होतं."

केडगाव पुणे-दौंड मार्गावर आहे. एकदा जाऊन यायचं ठरवलंय. काका म्हणाले, "मीपण येतो, फक्त रविवार नको. रविवारी क्लास असतो."